‘निश्चितपणे सुटलेले’ कोडे : ट्रायलोबाइट भुंगेऱ्यांचे प्रकरण

१९२५ साली ‘सायकी’ या अमेरिकेतल्या कीटकशास्त्रीय नियतकालिकात एरिक म्योबर्ग या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाचा एक लेख छापून आला. मथळ्याचा अर्थ असा : तथाकथित ‘ट्रायलोबाइट अळ्या’ ऊर्फ ‘पेर्टीच्या अळ्या’ यांचे गूढ निश्चितपणे सुटले. भुंगेऱ्यांवर लिहिणारी मंडळी सहसा एवढ्या चढ्या आवाजात बोलत नाहीत. ‘काही निरीक्षणे’ असा भिडस्त मथळा देऊन मोकळी होतात. म्योबर्ग भिडस्त नव्हता. पण आवाज चढवायला त्याच्याकडे सबळ कारण होते. जवळपास शंभर वर्षे ज्या प्राण्याला ‘अळी’ म्हणून ओळखले जात होते, तो वयात आलेला प्राणी असू शकतो, अंडी देणारी मादी असू शकते, हे त्याने पुराव्यानिशी दाखवले होते.

पावसाळ्यात सह्याद्रीत भुंगेरे बघत हिंडणाऱ्या आमच्या टोळक्यात नवीन कोणी आले की हे प्रकरण मी हमखास सांगतो. वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची पाठांतरे, असा बहुतेकांचा समज असतो. या एका प्रकरणात वर्गीकरणाची सगळी उठाठेव दिसते. एका जातीचा नर एका नावाने नोंदला जातो, मादी दुसऱ्या नावाने, आणि दोघांची गाठ पडायला कधी वर्षे जातात, कधी शतक.

अळी कशाला म्हणायचे

माक्सिमिलियान पेर्टी या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने १८३१ साली पूर्वेकडच्या, म्हणजे तेव्हाच्या ‘ईस्ट इंडीज’मधल्या भुंगेऱ्यांवर लिहिताना या चमत्कारिक अळ्यांची दखल घेतली, म्हणून त्यांना त्याचे नाव चिकटले. ट्रायलोबाइट, म्हणजे एक नामशेष सागरी प्राणी, हे नाव रूपावरून आले. प्राणी चपटा. वक्षाचे तीन खंड रुंद होऊन त्यांच्या तीन ढाली झालेल्या. त्यामागे पोटाचे अरुंद होत जाणारे खंड, आणि प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली टोके, त्यामुळे कडा करवतीसारखी. रंग बहुधा काळा किंवा काळपट तपकिरी, काहींच्या ढालींना नारिंगी वा पिवळी किनार. डोके एवढे लहान की पहिल्या ढालीखाली ओढून घेतले की कासवाने मान आत घेतल्यासारखे नाहीसे होते. कुजक्या ओंडक्यावरून ते सावकाश सरकताना पाहिले की आदिम जलचरच जमिनीवर चढून आला की काय, असे वाटते.

ट्रायलोबाइटशी याचा काडीचा संबंध नाही. ट्रायलोबाइट समुद्रात राहत आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन युगाच्या शेवटी, ते पूर्ण संपले. ‘जिवंत ट्रायलोबाइट सापडला’ असे फोटो अधूनमधून फोनवर येतात. त्यावर माझे एकच उत्तर : पाय मोजा. ट्रायलोबाइटला पायांच्या कितीतरी जोड्या होत्या, याला सहा पाय. कीटक आहे, मुकाट्याने मान्य करा.

कीटक आहे हे कळले, भुंगेऱ्याची अळी आहे हेही कळले. अडचण पुढची होती. भुंगेऱ्याची अळी कात टाकत वाढते, मग कोष होतो, कोषातून पंखांचा भुंगेरा बाहेर पडतो. या अळ्या मात्र सहा-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढलेल्या सापडत होत्या, आणि त्यांच्यापासून होणारा, त्यांना शोभेल एवढा मोठा भुंगेरा मात्र त्या जंगलांत कोणाला दिसत नव्हता. अळीचे एवढे मोठे धूड आहे तर तिचा भुंगेरा कुठे आहे? कोड्याचा गाभा हा होता.

आज मागे वळून पाहताना वाटते, प्रश्नच चुकीचा घातला गेला होता. अळीपासून काहीतरी वेगळे ‘होणार’ हे गृहीत धरले होते. इथे मादीचे काही वेगळे होतच नाही.

ज्या कुळाचे नावच पंखांवरून आहे

हा प्राणी ज्या कुळातला निघाला त्याचे नाव लायसिडी. मराठीत जाळीपंखी भुंगेरे म्हणता येईल. जगभरात साडेचार हजारांच्या वर जाती. पावसाळ्यात आपल्याकडे झुडपांच्या पानांवर लालसर-नारिंगी, मऊ, चपट्या अंगाचे, संथपणे उडणारे भुंगेरे दिसतात, त्यांतले बरेच या कुळातले असतात. लायकोस्टोमस हा त्यांतला भारतभर आढळणारा जीनस. (विश्वकोशाच्या परिभाषेत जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पिशीजला ‘जाती’ म्हणतात, पण वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’चा अर्थ इतका सैल करून टाकला आहे की मी जीनसच म्हणतो.)

या भुंगेऱ्यांची शरीररचना थोडी बारकाईने पाहायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून येतो.

पुढचे पंख, म्हणजे भुंगेऱ्याच्या पाठीवरची झाकणे, इथे टणक नसतात. चामड्यासारखी मऊ असतात. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने उंचवटे धावतात. पूर्ण रूपात प्रत्येक झाकणावर असे चार मुख्य, त्यांच्या मधूनमधून बारीक दुय्यम, आणि या सगळ्यांना आडवे छेदणारे छोटे उंचवटे. त्यामुळे पृष्ठभाग लहान-लहान कप्प्यांत वाटला जातो. उन्हात तिरप्या नजरेने पाहिले तर मच्छरदाणीचे कापड दिसावे तसे दिसते. नाव पडले ते यावरून. कप्पे चौकोनी आहेत की अनियमित, दुय्यम उंचवटे टोकापर्यंत जातात की मध्येच विरतात, यावरून जीनस वेगळे काढले जातात.

मग डोक्यामागची ढाल. काही गटांत तिच्यावरही उंचवटे असतात आणि ते तिचे घरांसारखे तुकडे करतात. एका मोठ्या गटात अशी सात घरे मोजता येतात, इतरांत कमी, काहींत अजिबात नाहीत. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बहुधा अकरा खंडांच्या, चपट्या, करवतीसारख्या, काही नरांत पंख्यासारख्या फाटलेल्या. मधल्या पायांच्या जोडीची मुळे एकमेकांपासून स्पष्टपणे दूर. काजवे आणि सैनिक भुंगेरे या जवळच्या मऊ अंगाच्या मंडळींत ती जवळजवळ असतात, त्यामुळे ही खूण कामाची. पोटाखालच्या पट्ट्या नरात आठ, मादीत सात. आणि शेवटी, ज्याच्याशिवाय या कुळात जातीचे नाव ठामपणे सांगता येत नाही ते नराचे जननांग : मधला दांडा, त्याच्या दोन बाजूंचे फाटे, खालचा पाया. पोटाचे टोक भिजवून, क्षारात उकळून, सूक्ष्मदर्शकाखाली ते मोकळे करावे लागते. बोट चुकले की नमुना गेला. पहिल्या काही प्रयत्नांत मी नमुन्यांपेक्षा शिव्याच जास्त वापरल्या आहेत.

या भुंगेऱ्यांना संथ राहणे परवडते, कारण ते बेचव असतात. पायरॅझिन वर्गातली रसायने त्यांना उग्र वास देतात आणि भडक रंग आधीच इशारा देतो. झाकण चेपले तर उंचवट्यांतून रक्तद्रव पाझरतो. इतर कुळांतले कितीतरी कीटक यांचा वेश घेऊन जगतात. ॲरिझोनात एक लांबशिंगी भुंगेरा तर ज्यांचे सोंग घेतो त्या जाळीपंख्यांनाच खातो. थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्याची नोंद केली. तो विषय वेगळा आणि मोहात पाडणारा आहे, पण इथे नको.

आता ही खुणांची यादी पुन्हा वाचा आणि ट्रायलोबाइट मादीपुढे धरा. झाकणे नाहीत, त्यामुळे जाळी नाही. पंख नाहीत. शृंगिका अळीच्या, आखूड, दोन खंडांच्या. डोक्याच्या प्रत्येक बाजूला संयुक्त डोळ्याऐवजी एकच साधा नेत्र. नराचे जननांग असण्याचा प्रश्नच नाही. कुळाची चावी, म्हणजे खुणा ओळीने ताडून नाव काढण्याचा तक्ता, घेऊन बसलात तर पहिल्याच कुलपात अडकाल. भुंगेरा ओळखण्याच्या जवळजवळ सगळ्या खुणा पूर्ण रूपांतर झालेल्या शरीरावर बेतलेल्या आहेत, आणि इथे अर्धी लोकसंख्या रूपांतरच नाकारते.

कुळाशी नाते सांगणारा धागा मात्र तिच्या तोंडात आहे. जाळीपंख्यांच्या अळ्यांचे जबडे विचित्र असतात. प्रत्येक जबडा लांबीत चिरून दोन पात्यांचा झालेला, मध्ये पन्हळ, आणि डावा-उजवा जबडा एकमेकांवर येऊन चावू शकत नाही. अशा तोंडाने शिकार फाडता येत नाही, लाकूडही चघळता येत नाही. कुजणाऱ्या लाकडातला, सूक्ष्मजीवांनी भरलेला रस ओढून घेता येतो. पूर्वी या अळ्या मांसाहारी समजल्या जात, तेव्हा तोंडाकडे जरा नीट पाहिले असते तर बरे झाले असते. ट्रायलोबाइट अळ्या या कुळात बसवल्या गेल्या त्या अशा खुणांच्या आधारावर. कुळ कळले, तरी नाव-गाव कळले नाही.

सारावाकमधला इनाम

म्योबर्ग (१८८२–१९३८) आधी सुमात्रात होता, आणि १९२२ पासून दोनेक वर्षे बोर्निओतल्या सारावाक संग्रहालयाचा क्युरेटर. सारावाकवर तेव्हा ब्रूक घराण्यातल्या ‘गोऱ्या राजां’चे राज्य होते. या माणसाबद्दल आदराने लिहिणे मला जड जाते. १९१० ते १९१३ दरम्यानच्या ऑस्ट्रेलियातल्या मोहिमांत त्याने तिथल्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीतले सांगाडे उचलून स्वीडनला नेले. ते २००४ मध्ये परत करण्यात आले. प्राणी गोळा करण्याची आणि माणसे गोळा करण्याची त्याची नजर एकच होती. तरीही भुंगेऱ्यांचे हे काम चोख आहे, हे कबूल करावे लागते.

त्याने ट्रायलोबाइट अळ्या जिवंत पाळल्या. त्या जगत होत्या, कात टाकत होत्या, पण कोष करत नव्हत्या. इथे दोन तर्क शक्य होते. एक, पाळण्यात काही चुकते आहे, हवा किंवा अन्न योग्य नाही, म्हणून वाढ अडली. कीटक पाळणारा कोणीही आधी हेच म्हणेल. दुसरा, वाढ अडलेलीच नाही, ही मोठी झालेली मादी आहे आणि तिला नराची वाट आहे. दुसरा तर्क खरा असेल तर तो सिद्ध करायला एकच निर्विवाद पुरावा चालेल : मिलनाच्या अवस्थेत सापडलेली जोडी. त्याशिवाय कुठलाही पंखवाला भुंगेरा आणून ‘हा तिचा नर’ म्हणणे म्हणजे अंदाज.

इथे त्याने केलेली गोष्ट साधी होती. जंगल ओळखणाऱ्या स्थानिक लोकांना त्याने सांगितले, अळीला चिकटलेला नर आणून दाखवा, इनाम मिळेल. शोध बराच काळ चालला. शेवटी जोडी आली. सुमारे ६० मिलिमीटर लांबीची मादी, आणि तिच्या पोटाच्या टोकाला लगटलेला जेमतेम ८-९ मिलिमीटरचा काळा भुंगेरा. मादीच्या एक-सप्तमांश. गव्याच्या शेपटीला उंदीर लोंबावा असा प्रकार. इतका क्षुल्लक दिसणारा भुंगेरा त्या मोठ्या अळीच्या संदर्भात कोणाच्या मनात येणे कठीणच होते. सगळे मोठा भुंगेरा शोधत होते.

म्योबर्गने तिला नाव दिले ड्युलिटिकोला पॅराडॉक्सा. ड्युलिटिकोला म्हणजे दुलितवर राहणारी. दुलित हा सारावाकमधला डोंगर. पॅराडॉक्सा म्हणजे चकवणारी. डोंगराचे नाव आले, चकव्याचे आले, पण ज्याच्या डोळ्यांनी ती जोडी टिपली त्याच्या वाट्याला नावात काही आले नाही.

असे कोडे युरोपात तोवर एकदा सुटून झाले होते, हीही गंमत लक्षात ठेवण्यासारखी. १८२४ साली जिनिव्हात मिएल्झिन्स्की नावाच्या अभ्यासकाला गोगलगायींच्या शंखांत शिरून त्यांना खाणारा केसाळ, पंखहीन प्राणी सापडला. त्याने त्याला स्वतंत्र जीनस समजून कॉक्लिऑक्टोनस असे नाव दिले. लगेचच देमारे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने दाखवले, की ती ड्रिलस नावाच्या, आधीपासून माहीत असलेल्या छोट्या भुंगेऱ्याची मादी आहे. तेव्हा सुटायला काही महिने लागले, कारण जागा युरोपातलीच होती. बोर्निओच्या जंगलात तेच कळायला शतक गेले.

मादी म्हणजे नेमके काय

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘अळीसारखी मादी’ हे शब्द बोलायला सोपे आहेत.

सुरुवातीला नर आणि मादी दोघेही ट्रायलोबाइटसारख्या अळ्याच असतात. नर लहानपणीच वाढ आटोपतो, रीतसर कोष करतो आणि पंखांसकट बाहेर येतो. त्याच्या झाकणांवर कुळातल्या इतरांसारखी ठळक जाळी मात्र नसते. मादी कोषाच्या वाटेला जातच नाही. ती वाढत राहते, कात टाकत राहते, आणि एका कातीनंतर प्रजननक्षम झालेली असते. बाहेरून पाहिले तर मोठी अळी आणि ही मादी यांत फरक इतकाच, की पोटाच्या टोकाशी खालच्या अंगाला जननछिद्र आलेले असते. आत अंडाशय पिकलेले. बाकी पाय, तोंड, ढाली सगळे अळीचे. शरीराचा एक भाग मोठा झाला, उरलेला लहानच राहिला. जीवशास्त्रात याला निओटेनी म्हणतात. कीटकाची कात आणि कोष यांचे वेळापत्रक संप्रेरके चालवतात, त्या वेळापत्रकातून कोषाचे पानच गळावे असा हा प्रकार.

फायदा उघड आहे. पंख, पंखांचे स्नायू, नवे डोळे यांवर खर्च नाही. सगळे शरीर अंड्यांसाठी. तोटाही तेवढाच उघड. तिला उडता येत नाही. ती ज्या ओंडक्यावर वाढली त्याच्या आसपासच तिची पिल्ले वाढणार. या तोट्याची किंमत किती मोठी आहे हे फार उशिरा कळले, त्याकडे येतो.

नर एका खणात, मादी दुसऱ्यात

म्योबर्गने ‘निश्चितपणे सुटले’ म्हटले ते एका जातीपुरते खरे होते. वर्गीकरणाच्या बाजूने पाहिले तर गुंता तिथून सुरू झाला.

कारण असा, की या भुंगेऱ्यांचे नर आधीपासून संग्रहांत येत होते. उडतात, जाळ्यात सापडतात, टाचणीला लागतात. अळीशी त्यांचा काही संबंध असेल असे कोणाला वाटायचे कारण नव्हते, त्यामुळे त्यांना त्यांच्या हिशेबाने नावे मिळत गेली. मॉरिस पिक या फ्रेंच भुंगेरातज्ज्ञाने १९२१ मध्येच प्लॅटेरोड्रिलस हा जीनस केला होता. पिकने आयुष्यात हजारो नावे दिली, वर्णने बहुधा दोन-चार ओळींची, चित्र नाही. त्याच्या नावांचा निचरा करण्यात पुढच्या पिढ्यांची कितीतरी वर्षे गेली आहेत. १९४२ मध्ये त्याने आणखी एक जीनस केला, फॉल्सोकॅलोक्रोमस, म्हणजे ‘खोटा कॅलोक्रोमस’ (कॅलोक्रोमस हा याच कुळातला दुसरा जीनस). अशी नावे वाचली की शंका येते, देणाऱ्याला स्वतःलाच खात्री नसावी.

नामकरणाचा नियम सरळ आहे : एकाच गटाला दोन नावे असतील तर आधीचे राहते. पिकचे १९२१ चे, म्योबर्गचे १९२५ चे. ज्याने गूढ उकलले त्याचे नाव गेले, ज्याला गूढ असल्याचाही पत्ता नव्हता त्याचे राहिले. चार वर्षांनी घात केला. माझ्या मते नियम योग्य आहे, कारण ‘कोणाचे योगदान मोठे’ यावर नावे ठरू लागली तर भांडणांना अंत राहणार नाही. तरी हळहळ वाटतेच. जुन्या पुस्तकांत आणि इंटरनेटवर आजही ड्युलिटिकोलाच अधिक दिसते.

या बदलात एक व्याकरणाची गंमत झाली, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. लॅटिनमध्ये जातीचे विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे चालते, आपल्या ‘काळी मांजर, काळा बोका’सारखे. ड्युलिटिकोलाबरोबर ते पॅराडॉक्सा होते. प्लॅटेरोड्रिलस पुल्लिंगी, म्हणून आता ते झाले प्लॅटेरोड्रिलस पॅराडॉक्सस. जिची सगळी कीर्ती मादीमुळे झाली, तिचे नाव कागदावर पुरुषाचे.

प्लॅटेरोड्रिलस या नावाच्या उत्तरार्धात तो गोगलगायी खाणारा ड्रिलसही डोकावतो, आणि त्याचीही कथा अशीच आहे. मऊ अंगाचे, अळीरूप माद्यांचे भुंगेरे पूर्वी सगळे एकत्र, कँथॅरॉइडिया नावाच्या एका मोठ्या गाठोड्यात बांधले जात. मऊपणा हे नात्याचे लक्षण समजले गेले. पुढे डीएनएच्या तुलनेतून दिसले, की ड्रिलस तर क्लिक बीटलच्या कुळातला. आपल्याकडे उलटा पडला की टक् असा आवाज करत उसळी मारणारा टणक भुंगेरा असतो ना, त्याचा सख्खा. रूपांतर अर्धवट राहिले की अंग मऊ राहते, आणि असे वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळ्या वेळी झाले आहे. मऊपणावरून नाते जोडणे म्हणजे सगळ्या टक्कल पडलेल्यांना एका घराण्यातले मानणे. जाळीपंख्यांच्या कुळातही निओटेनी एकदाच आली नाही, अनेकदा स्वतंत्रपणे आली, हे लादिस्लाव बोचाक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले. बोचाक चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या पालात्स्की विद्यापीठातले. आज या कुळावरचे सर्वांत मोठे काम तिथूनच होते.

जोडी न सापडता जोडी लावणे

म्योबर्गची पद्धत निर्विवाद होती, पण तिच्यात एक मोठी उणीव होती. प्रत्येक जातीसाठी नशीब लागते. त्याच्यानंतर सत्तरेक वर्षांनी, १९९६ मध्ये, मलेशियाचे द्वीपकल्प आणि सिंगापूर येथून ड्युलिटिकोला होइसेनी ही जाती वर्णिली गेली, तेव्हा अशा निरीक्षणांची यादी अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. दर जातीमागे एवढा वेळ जाणार असेल तर जंगलच आधी संपेल.

दुसरा मार्ग रेणूंचा. नर आणि मादी दिसायला कितीही वेगळे असोत, पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए जातीच्या आत जवळपास सारखा असतो. एका डोंगरावरून नर आणा, अळ्या आणा, दोघांचे ठरावीक तुकडे वाचा आणि जुळवा. जाळीपंख्यांच्या अळ्या अशा रीतीने ओळखता येतात का, आणि त्यासाठी कोणता तुकडा किती कामाचा, हे २००९ मध्ये तीन तुकडे तपासून पाहिले गेले. मग २०१४ मध्ये मिखाल माशेक आणि बोचाक यांनी प्लॅटेरोड्रिलसचा अख्खा खण उपसला. डीएनए, नरांची शरीररचना आणि अळ्यांची रचना, तिन्ही एकत्र घेऊन.

त्यातून जीनसचे तीन गट पडले : पॅराडॉक्सस गट, मेजर गट, सिन्युएटस गट. हे गट केवळ रेणूंच्या जोरावर उभे नाहीत. नराच्या जननांगाची घडणही तेच सांगते. मला या कामातला हा भाग सर्वांत पटतो. डीएनए एक सांगतो आणि शरीर दुसरेच, असे असते तर निकाल बाजूला ठेवावा लागला असता. इथे पूर्णपणे वेगळ्या दोन साक्षीदारांनी एकच जबानी दिली. पिकचा ‘खोटा कॅलोक्रोमस’ही याच लेखात प्लॅटेरोड्रिलसमध्ये विलीन झाला. काही नव्या जाती वर्णिल्या गेल्या. आणि काही जातींचे नर व अळ्या, मिलन न पाहता, एका नावाखाली आले.

तरी एक सावधगिरी. डीएनए जुळला म्हणजे नर आणि अळी एका जातीचे, इतकेच सिद्ध होते. ती विशिष्ट अळी प्रौढ मादी आहे की अजून वाढती अळी, हे रेणू सांगत नाहीत. त्यासाठी पुन्हा पोटाचे टोक उलटून पाहणे आले. शंभर वर्षांपूर्वीचे भिंग अजून कामाला आहे.

न उडण्याची किंमत

२०१५ मध्ये माशेक, बोचाक आणि सहकाऱ्यांनी पुढचा लेख लिहिला, आणि इथे प्रकरण वर्गीकरणाच्या खणातून बाहेर पडते. प्लॅटेरोड्रिलसच्या वंशवृक्षाला तीन जुने फाटे निघाले. एक मुख्यतः बोर्निओ आणि फिलिपिन्समधला, दुसरा आशियाच्या मुख्य भूमीवरचा, तिसरा सुमात्रा, मलाय द्वीपकल्प आणि जावामधला. प्रत्येक जातीचा प्रदेश चिमुकला. सुमात्रा, जावा, बोर्निओ या सुंदा बेटांपैकी एकावरची जाती दुसऱ्यावर नाही. सुमात्रात तर एका डोंगररांगेवरची दुसऱ्या रांगेवर नाही.

नवल याचे, की हिमयुगांत समुद्र खाली जाई तेव्हा सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलाय द्वीपकल्प यांच्यामधला उथळ तळ उघडा पडत असे. पुष्कळ सस्तन प्राणी त्या जमिनीवरून इकडून तिकडे गेले. हे भुंगेरे मात्र गेले नाहीत. गेल्या सुमारे पन्नास लाख वर्षांत बेटांमध्ये त्यांची देवाणघेवाण झाल्याचा मागमूस नाही. जी काही स्थलांतरे दिसतात ती सगळी वंशाच्या सुरुवातीच्या काळातली. चालत जायला वाट होती, पण ओंडक्यावरून ओंडक्यावर सरकणाऱ्या मादीला ओलसर, सलग जंगल लागते.

यावरून त्या लेखकांनी काढलेला निष्कर्ष उपयोगी आहे. जिथे या भुंगेऱ्यांच्या जाती दाटीने आहेत, तिथे जंगल फार दीर्घ काळ, थंड-कोरड्या युगांतसुद्धा, न तुटता टिकून होते असे समजायला हरकत नाही. आणि उलट बाजूने, एक मोठे अभयारण्य करून यांचे रक्षण होणार नाही. डोंगरागणिक जाती वेगळी असेल तर डोंगरागणिक जंगल राखावे लागेल. पामच्या लागवडीसाठी सुमात्रा-बोर्निओत जे चालले आहे ते पाहता हे वाक्य लिहिताना हात थबकतो.

आपल्या बाजूला

प्लॅटेरोड्रिलसचा एक नातलग, ल्यायरोपीअस, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे. चार्ल्स वॉटरहाउस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तो जीनस १८७८ मध्ये केला. म्हणजे पश्चिम घाटाच्या जंगलात ओल्या, बुरशी धरलेल्या लाकडावर ट्रायलोबाइटसारखे काही दिसले तर ते बोर्निओची नक्कल आहे असे समजू नका. आमच्या टोळक्यातले लोक अशा वेळी पाठीचे सुंदर फोटो काढतात, ढाली, किनार, सगळे झकास, आणि मला पाठवून नाव विचारतात. पाठीवरून नाव सांगता येत नाही. अळीच्या शेजारी मोजपट्टी ठेवा. ज्या लाकडावर आहे त्या लाकडाचा, सालीचा फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहा. हात लावण्याआधी मागच्या टोकाला एखादा किरकोळ, काळा भुंगेरा चिकटलेला आहे का ते बघा, आणि असेल तर श्वास रोखून आधी त्याचा फोटो काढा.